दारावरच्या दिव्याची अट

सिडनीहून नैर्ऋत्येकडे निघालेला ह्यूम महामार्ग सुमारे १३० किलोमीटर अंतर कापून बेरिमा या लहानशा गावापाशी येतो, पण गावात शिरत नाही. १९८९ पासून तो गावाला वळसा घालून पुढे जातो, आणि म्हणून ज्याला बेरिमाला जायचे असेल त्याला मोठा रस्ता समजून-उमजून सोडावा लागतो. जुलै महिन्यातील, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातील, एका रविवारी आम्ही तो सोडला. मुलीकडे काही महिन्यांच्या मुक्कामास गेलेल्या आईबापांना समुद्रकिनारे आणि उंच इमारती दाखवून झाल्यावर, ‘आई-बाबा, आज तुम्हांला गावाकडच्या एका जुन्या हॉटेलात जेवायला नेतो,’ असे जावई म्हणाले होते, आणि मोटारीतून उतरल्याबरोबर जे समोर दिसले ते हॉटेल या शब्दाच्या माझ्या मनातील कोणत्याही चित्राशी जुळेना. पिवळसर वालुकाश्माच्या जाड भिंती, धुराडे, आणि वर ‘सर्व्हेयर जनरल इन’ ही पाटी. एखाद्या संस्थानी मामलेदार कचेरीने म्हातारपणी शांतपणे पथारी पसरावी तसे ते घर रस्त्याच्या कडेला बसले होते.

हे घर १८३४ साली बांधले गेले आणि पुढच्याच वर्षापासून त्याला मद्यविक्रीचा परवाना आहे. मूळच्याच भिंतींच्या आत सलग परवान्याने चालत आलेली ऑस्ट्रेलियातील सर्वांत जुनी पांथशाळा म्हणून ते ओळखले जाते. याहून जुन्या परवान्यांचा वारसा सांगणारी घरे टास्मानियात आहेत, सिडनीजवळच्या पॅरामॅटा आणि विंडसर या गावांतही आहेत, आणि हा ज्येष्ठतेचा वाद तिकडे भाऊबंदकीच्या दाव्यासारखा पिढ्यान् पिढ्या चालू आहे. त्या वादात मला शिरावयाचे नाही. मला त्या भिंतींपेक्षा त्या परवान्याविषयी, आणि परवाना देताना सरकारने घर चालविणाऱ्याच्या गळ्यात जे कर्तव्य बांधले होते त्याविषयी, लिहावयाचे आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा केला पाहिजे. आपण मराठी माणसे ‘हॉटेलात जाऊन येतो’ असे म्हणतो तेव्हा आपल्या मनात मिसळ असते, बटाटेवडा असतो, फार तर राइसप्लेट असते. तेथे झोपण्याचा विचार कोणी करीत नाही, आणि ज्याला झोपावयाचे आहे तो लॉज शोधतो. ऑस्ट्रेलियाच्या गावांत मात्र ‘हॉटेल’ अशी पाटी दिसली की ती जागा प्रथम पिण्याची, मग जेवणाची आणि सर्वांत शेवटी झोपण्याची असे समजावयाचे. मद्यगृहालाच हॉटेल का म्हणावे, असे मी जावयांना विचारले, आणि त्यांनी गल्ल्यावरच्या वयस्क बाईंकडे बोट दाखविले. बाईंनी ग्लास पुसता पुसता जे सांगितले त्याचे सार असे, की पूर्वी नुसती दारू विकण्याचा परवाना गावाकडे मिळतच नसे. आधी प्रवाशाची सोय दाखवा, मग पिंप उघडा, अशी सरकारची अट होती.

ही अट नीट समजून घेण्यासारखी आहे. न्यू साउथ वेल्स वसाहतीच्या एकोणिसाव्या शतकातील परवाना-कायद्यांनी असे ठरविले होते, की घरवाल्याच्या स्वतःच्या बिऱ्हाडाखेरीज लोकांसाठी किमान दोन बैठकीच्या खोल्या आणि दोन निजण्याच्या खोल्या तयार असाव्यात, गावाकडच्या रस्त्यावर घोड्यांसाठी तबेला आणि दाणावैरण असावी, आणि दारावर सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत दिवा जळत असावा. परवाना दर वर्षी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नवा करून घ्यावा लागे. आडवाटेवर एखादा मनुष्य अकस्मात मेला तर त्याच्या मृत्यूची चौकशीसुद्धा बहुधा अशाच घराच्या बैठकीत भरे, कारण पंच, साक्षीदार आणि अधिकारी यांना एका छपराखाली बसविणारी दुसरी जागा दहा-दहा कोसांत नसे. म्हणजे जिवंत प्रवाशाला अन्न, थकलेल्या घोड्याला वैरण, वाट चुकलेल्याला दिवा आणि मेलेल्याला न्याय, या साऱ्यांची जबाबदारी ज्याच्या शिरावर होती, त्याला या सेवेच्या मोबदल्यात मद्य विकून नफा मिळविण्याची मुभा होती. आपल्या जुन्या राज्यपद्धतीत इनामाच्या सनदेबरोबर काही चाकरी जोडलेली असे. त्याच जातीचा हा करार होता.

हा करार बेरिमाच्या वाट्यास आला तो रस्त्यामुळे. १८२८ मध्ये वसाहतीचा सर्व्हेयर जनरल, म्हणजे मोजणीखात्याचा मुख्य अधिकारी, म्हणून थॉमस मिचेल हा स्कॉट मनुष्य नेमला गेला. तरुणपणी स्पेन-पोर्तुगालच्या युद्धात वेलिंग्टनच्या सैन्यात असताना त्याने भूप्रदेशाचे नकाशे काढले होते. आणि हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली आपल्या असईच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली, हे आठवले की त्या परक्या दगडी भिंतीतूनही ओळखीचा एक धागा हाती लागतो. मिचेलने दक्षिणेकडे जाणारा नवा रस्ता आखला, विंजिकॅरिबी नदीच्या काठी गावासाठी जागा निवडली, आणि गावाचा आराखडा रॉबर्ट हॉडल या त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने काढला. पुढे १८३७ मध्ये मेलबर्न शहराची चौकट आखणारा हॉडल तो हाच. जेम्स हार्पर या गृहस्थाने येथे पांथशाळा बांधली आणि रस्ता आखणाऱ्या अधिकाऱ्याच्या हुद्द्याचेच नाव तिला दिले. हा हार्पर काळ्या पाण्याची शिक्षा भोगून मोकळ्या झालेल्या आईबापांचा मुलगा. ज्या घराण्याची या भूमीवरील पहिली ओळख कैदी म्हणून झाली, त्याच घराण्यातील पुढच्या पिढीने वाटसरूंसाठी दार उघडे ठेवण्याची सनद मिळविली, आणि वर टेकाडावर स्वतःसाठी विटांचे देखणे घर बांधले, ही गोष्ट मला त्या गावात ऐकलेल्या सर्व गोष्टींत मोठी वाटली. ते टेकाडावरचे घर आज नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात असून लोकांना पाहण्यासाठी खुले आहे.

पांथशाळेपासून चार पावलांवर तुरुंग आहे. १८३९ मध्ये तो पुरा झाला आणि त्याचे दगड कैद्यांनीच रचले. त्याच्या बाहेरच्या भिंतीत लोखंडी बैलाचे शिर बसविलेले असून त्याच्या तोंडून वाटेवरच्या घोड्यांसाठी पाणी पडे. शेजारी १८३८ ची न्यायकचेरी, समोर ग्रीक देवळासारखे खांब. पहिल्या महायुद्धात १९१५ पासून १९१९ पर्यंत या तुरुंगात तीनशेहून अधिक जर्मन स्थानबद्ध होते, बहुतेक व्यापारी जहाजांवरचे अधिकारी. दिवसा त्यांना बाहेर पडण्याची मोकळीक असे, आणि त्या दर्यावर्दी लोकांनी नदीकाठी लाकडी झोपड्या उभारल्या, होड्या बांधल्या, बागा लावल्या. समुद्रापासून तोडलेल्या माणसांनी हातभर रुंद नदीवर आपला समुद्र मांडला. सरकारने लादलेले पाहुणे आणि आपण होऊन आलेले पाहुणे, असे दोन्ही प्रकारचे पाहुणे या एका गल्लीने पोसले.

आत शिरलो तेव्हा पाऊण वाजला होता आणि जावई घाई करीत होते, कारण गावाकडच्या या घरांत स्वयंपाकघराची वेळ न्यायालयाच्या वेळेइतकी पक्की असते. दोनाच्या सुमारास चूल बंद झाली की कितीही आर्जव केले तरी पान वाढले जात नाही. भिंतीतल्या रुंद चुल्ह्यात लाकडाचे ओंडके जळत होते आणि त्या उबेपाशी एक शेतकरी कुटुंब, दोन वृद्ध मैत्रिणी आणि चिखलाने भरलेल्या बुटांचा एकटा मनुष्य, असे सर्वजण एकमेकांना न ओळखताही एका बिऱ्हाडातले असावेत तसे बसले होते. तेथे वाढपी मेजापाशी येत नाही. आपण उठून गल्ल्यापाशी जावयाचे, काय हवे ते सांगावयाचे, पैसे तेथेच मोजावयाचे आणि आपला ग्लास आपणच घेऊन यावयाचा. या पद्धतीच्या जेवणाला ते ‘काउंटर मील’ म्हणतात, आणि गावचा डॉक्टर असो की मेंढ्यांची लोकर कातरणारा मजूर असो, त्या फळीपुढे दोघांनाही सारखेच उभे राहावे लागते.

बिअरच्या मापांना तेथे नावे आहेत. ४२५ मिलिलिटरचा तो ‘स्कूनर’ आणि २८५ मिलिलिटरची ती ‘मिडी’; दुसऱ्या प्रांतात गेले की हीच नावे बदलतात आणि नवख्याची फसगत होते. मी मिडी घेतली. परंतु पेयापेक्षा ते घेण्याची रीत मला अधिक शिकवून गेली. चारजण एकत्र बसले तर प्रत्येकाने आपल्यापुरते घेणे तेथे अशिष्ट समजतात. एकाने चौघांसाठी आणावे, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, आणि आपली पाळी आल्याखेरीज कोणी उठून जाऊ नये. याला ते ‘शाउट’ म्हणतात. पाळी चुकविणारा मनुष्य गावात कायमचा हलका ठरतो. आपल्या खेड्यांत पेरणी-कापणीला सावड करतात, आज तुझ्या शेतात मी आणि उद्या माझ्या शेतात तू, त्याच व्यवहारनीतीची ही पेल्यातली आवृत्ती आहे, आणि ज्या देशात शेजारी दहा मैलांवर राहत होता तेथे माणसामाणसांतील देण्याघेण्याचा हिशेब जिवंत ठेवण्याचे काम तिने केले.

जेवणात मी भाजलेल्या कोकराचे मांस मागविले. त्याबरोबर भाजलेले बटाटे, लाल भोपळ्याच्या फोडी, वाटाणे आणि पुदिन्याची आंबटगोड चटणी होती. शाकाहारी सौभाग्यवतींना मशरूमचा रिसोटो मिळाला, आणि लाल भोपळ्याची ती खरपूस फोड माझ्या ताटातून त्यांच्या ताटात गेली. मसाला म्हणावा तर मीठ आणि मिरी. पण मांस हाडापासून बोटाच्या धक्क्याने सुटत होते, बटाट्याचे साल कुरकुरीत होते, आणि जे होते ते जवळच्या रानातले होते. प्रवाशाला काय हवे याचा इतक्या वर्षांचा अनुभव त्या साध्या ताटात उतरला होता: गरम, पोटभर, आणि वेळेवर.

या घराने दोनदा आपला रस्ता गमावला. १८६७ मध्ये दक्षिणेकडे जाणारी आगगाडी आली ती बेरिमाला टाळून शेजारच्या मिटागाँग आणि मॉस व्हेल या गावांवरून गेली. एके काळी डझनावर पांथशाळांनी गजबजलेले हे गाव बघता बघता सुकले, आणि कोणाला जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसाच न उरल्यामुळे जसेच्या तसे टिकून राहिले. पुढे मोटारी आल्या, रस्त्याला पुन्हा जीव आला, आणि १९८९ मध्ये नवा महामार्ग बाजूने गेला. मधल्या काळात कायद्यानेही या घरांचे स्वरूप बिघडविले. महायुद्धाच्या धामधुमीत १९१६ साली न्यू साउथ वेल्समध्ये लोकमत घेऊन मद्यगृहे सायंकाळी सहाला बंद करण्याचा निर्णय झाला. हेतू संयमाचा होता. परिणाम असा झाला, की पाचला कामावरून सुटलेला पुरुष एका तासात जितके पिता येईल तितके पिऊ लागला, बसावयाच्या खुर्च्या अडगळ ठरल्या, आणि भिंतींना धुण्याजोग्या चकचकीत फरशा बसल्या. १९५५ च्या फेब्रुवारीत हा नियम उठला, म्हणजे जवळजवळ ३९ वर्षे आतिथ्याचे घर हे उभ्या उभ्या घोट गिळण्याचे ठिकाण होऊन राहिले. पिण्यापासून जेवण आणि विसावा तोडला की पिणे सुधारत नाही, ते नुसते उघडे पडते, हा धडा त्या ३९ वर्षांनी घालून दिला आहे.

येथवरचे वर्णन वाचून कोणास वाटेल की हे घर सर्वांचे होते. तसे ते नव्हते, आणि हे न सांगता हा लेख पुरा करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटेल. हा प्रदेश गुंडुंगुरा या आदिवासी लोकांचा. त्यांच्याच वाटांवरून मिचेलचा रस्ता गेला. परंतु १८३८ च्या कायद्याने मूळ रहिवाशांना मद्य पुरविण्यास बंदी केली, आणि पिण्याची बंदी ही व्यवहारात घराच्या उंबऱ्याचीच बंदी ठरली. १९४३ पासून काही आदिवासींना सरकार सूटपत्रे देऊ लागले. ज्याच्याजवळ ते पत्र असेल त्याला मद्यगृहात पाऊल ठेवता येई, पण त्यासाठी आपल्या लोकांशी असलेला संबंध सोडण्याची अपेक्षा असे, आणि आदिवासी त्या कागदाला कुत्र्याचा पट्टा म्हणत. न्यू साउथ वेल्समधील ही मद्यबंदी १९६३ मध्ये उठली. तरीही १९६५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स पर्किन्स हा आदिवासी विद्यार्थी आणि सिडनी विद्यापीठातील त्याचे सहाध्यायी बसमधून गावोगाव फिरले तेव्हा, वॉल्गेट येथे माजी सैनिकांचा क्लब युद्धावर जाऊन आलेल्या आदिवासी सैनिकांनाही सभासद करून घेत नाही, म्हणून निषेधासाठी त्यांना त्या क्लबाच्या दारात उभे राहावे लागले. त्याच वर्षी ३१ मार्चला ब्रिस्बेनच्या रेगाटा हॉटेलात मर्ल थॉर्नटन आणि रोझली बोग्नर या दोन स्त्रियांनी स्वतःस साखळीने गल्ल्याशी बांधून घेतले, कारण क्वीन्सलँडच्या कायद्याने त्या फळीपुढे स्त्रीला पेला मिळत नसे. ज्या फळीचे समतेसाठी मी वर कौतुक केले, तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी कोणाकोणाला काय काय करावे लागले, याचा हा इतिहास आहे.

महाराष्ट्रातील मनुष्याला हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना शाहू छत्रपतींनी हॉटेल काढून दिले, आणि अस्पृश्याच्या हातचा चहा कोणी पिणार नाही हे ओळखून महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. गाडगे महाराजांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली ती याचसाठी, की विठ्ठलाच्या गावातही ज्यांना पाठ टेकावयास ओसरी मिळत नव्हती त्यांना ती मिळावी. पुढे १९४९ मध्ये ती वास्तू त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपविली. प्रवाशाला छप्पर देणे हे पुण्यकर्म आपल्याकडे फार प्राचीन आहे; त्या छपराखाली कोण येऊ शकत नाही हा प्रश्न मात्र आपण फार उशिरा विचारला.

परवान्याच्या बाबतीत तर आपण उलटी वाट धरली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवाना लागू लागला तो पिणाऱ्याला. आपली प्रकृती मद्यावाचून चालणार नाही असे दाखवून त्याने कागद मिळवावा, आणि त्या कागदावर त्याला पिता यावे. या तरतुदीतूनच ‘परमिट रूम’ हा आपल्या भाषेतला खास शब्द जन्मास आला. विकणारा वाटसरूचे काय देणे लागतो हा प्रश्नच त्यात नव्हता. म्हणून आपल्या परमिट रूमच्या दारावर काळी काच असते आणि जुन्या पांथशाळेच्या दारावर दिवा असे. दारू विकणाऱ्याने समाजाचे काही देणे लागावे हा विचार ऑस्ट्रेलियाच्या रेन्मार्क गावाने आणखी पुढे नेला. मरे नदीकाठच्या या वसाहतीत आरंभी मद्याला मज्जाव होता आणि चोरट्या दारूने उच्छाद मांडला होता. तेव्हा १८९७ मध्ये गावकऱ्यांनी परवाना गावाच्याच नावे घेतला आणि हॉटेलचा नफा गावाच्या उपयोगी पडू लागला. ब्रिटिश साम्राज्यातील गावकीच्या मालकीचे ते पहिले हॉटेल म्हणून प्रसिद्ध आहे. साखर कारखाने सहकारावर चालविणाऱ्या आपल्या प्रांताला यातील मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

तिकडेही आता ती जुनी अट सैल झाली आहे. १९९७ पासून न्यू साउथ वेल्सच्या हॉटेलांत जुगाराची यंत्रे ठेवण्यास मोकळीक मिळाली आणि पुष्कळ घरांचा नफा आता चुलीतून येत नाही, त्या यंत्रांतून येतो. ज्या घरात जेवणाची वेळ पाळली जाते, जेथे अनोळखी मनुष्याला चुल्ह्यापाशी जागा करून देतात, तेथे मात्र तो जुना करार अद्याप जिवंत आहे, कायद्याच्या कलमात नसला तरी वागणुकीत आहे. आणि माझे मत असे झाले आहे, की जुन्या वास्तूचे जतन म्हणजे तिच्या दगडांचे जतन नव्हे, तर तिने पत्करलेल्या कर्तव्याचे जतन होय.

आपल्याकडेही अशी घरे आहेत. घाटमाथ्यावर डाकबंगले आहेत, तीर्थक्षेत्री धर्मशाळा आहेत, जुन्या राजमार्गांवर सराया आहेत. वाचकांना माझी विनंती एवढीच आहे, की आपल्या तालुक्यात असे एखादे घर उभे असेल तर ते कोणी, कोणासाठी आणि कोणत्या अटीवर बांधले याची चौकशी करावी, ते चालते असेल तर तेथे जाऊन एकदा जेवावे, आणि त्याच्या दारावर आज दिवा आहे की कुलूप आहे, हे या दिवाळीत पाहून यावे.